दिसलेले आणि जुळविलेले

गेल्या कोजागिरीच्या रात्री काचीगुड्यातील एका स्नेह्यांच्या गच्चीवर आम्ही दहाबारा जण जमलो होतो. दूध आटत होते, चंद्र चांगला वर आला होता, आणि नेहमीप्रमाणे गोष्टी राजकारणावरून प्रकृतीवर व प्रकृतीवरून मुलांच्या शिक्षणावर येऊन ठेपल्या होत्या. इतक्यात त्या घरातील अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाने आपल्या मोबाइलवर एक चलच्चित्र काढून सर्वांपुढे धरले. काळोखात ठेवलेली शीतपेयाची एक साधी बाटली. तिच्या तळातून प्रकाशाचा एक लहानसा पुंजका आत शिरतो, गोगलगायीच्या गतीने टोपणाकडे सरकू लागतो, टोपणाशी पोचताच ते उजळून निघते, आणि मागच्या द्रवात मंद लहरी उमटून विझून जातात. एवढेच ते दृश्य. परंतु आमची सर्वांची बोलणी थांबली. ज्याच्या योगाने आपण सारे पाहतो तो प्रकाश स्वतः वाट चालताना दिसावा, हे कोणाच्याही स्वप्नात आले नव्हते.

आमच्यात एक वृद्ध वकील आहेत. चाळीस वर्षे साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यात गेल्यामुळे कौतुकातही त्यांना प्रश्न सुचतो. ते म्हणाले, “फार सुंदर आहे, बाळ. पण हे पाहिले कोणी?”

“कॅमेऱ्याने पाहिले, काका.”

“एकाच वेळी? तळापासून टोपणापर्यंत जो प्रकाश गेला, तो हाच एक?”

मुलगा क्षणभर थबकला, आणि मग प्रामाणिकपणे म्हणाला, “नाही काका. तो एक नव्हता.”

हा प्रश्न व हे उत्तर त्या रात्रीपासून माझ्या मनातून गेलेले नाही. त्यांचा संबंध केवळ कॅमेऱ्याशी नसून आपण एकमेकांविषयी जी मते बनवितो त्यांच्याशीही आहे, असे मला वाटू लागले, आणि त्याला माझ्या आयुष्यातील एक जुने शल्यही कारण झाले. म्हणून हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम या यंत्राची हकीकत सांगितली पाहिजे. कारण ती नीट कळल्यावाचून पुढचा विचार करता येणार नाही. हे काम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत झाले व २०११ सालच्या डिसेंबरात जगापुढे आले. ते करणाऱ्यांत अग्रभागी असलेले डॉ. रमेश रासकर हे मूळचे नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते पुढे अमेरिकेत गेले. आन्द्रेआस वेल्टेन हे तरुण संशोधक व रसायनशास्त्रज्ञ मौंजी बावेंडी हे त्यांचे सहकारी. यांपैकी बावेंडी यांना पुढे २०२३ साली, निराळ्या कामासाठी, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या हैदराबादकरांनाही रासकरांचे नाव परके नाही. १९८७ साली येथे स्थापन झालेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेशी, नेत्रतपासणीची नवी साधने तयार करण्याच्या कामी, त्यांच्या प्रयोगशाळेचे सहकार्य होते. ज्याने प्रकाशाची चाल टिपली त्यानेच मंद झालेल्या डोळ्यांची चिंता वाहिली, हा योग मनाला बरा वाटतो.

प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. आमच्या अंगावर पडलेल्या त्या चांदण्याला चंद्रावरून येथवर येण्यास सव्वा सेकंदाहून थोडासाच अधिक वेळ लागला होता. मग वीतदीड वीत लांबीच्या बाटलीतून जाण्यास त्याला काय लागणार? सुमारे एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. तो पाहावयाचा तर सेकंदाला लक्ष कोटींच्या घरात चित्रे घेतली पाहिजेत. या यंत्राच्या एका चित्राचा अवधी सुमारे १.७ पिकोसेकंद आहे. तेवढ्यात प्रकाश अवघा अर्धा मिलिमीटर सरकतो. हे प्रमाण बुद्धीला पेलावे म्हणून एक हिशेब मांडून पाहू. बाटलीतील तो एक नॅनोसेकंद चलच्चित्रात दहा सेकंद दाखविला, असे समजा. त्याच मंदगतीने सेकंदाला नऊशे मीटर जाणारी बंदुकीची गोळी तीच बाटली ओलांडताना दाखवावयाची झाली, तर चित्र सव्वा महिन्याहून अधिक काळ चालेल. आणि माणसाने पापणी एकदा मिटून उघडली, तर ते पाहण्यास शंभर वर्षे बसावे लागेल. आपल्या पूर्वजांनी पापणीच्या हालण्याला निमिष म्हटले आणि त्याला काळाचे एक लहानात लहान माप मानले. त्या निमिषाच्या पोटात केवढा अवकाश आहे पाहा!

आता खरी मेख येथे आहे. असा कॅमेरा एका वेळी संपूर्ण दृश्य टिपू शकत नाही. त्याला एक अरुंद फट असते, आणि त्या फटीतून दृश्याची केवळ एक आडवी रेघ आत येते. आत आलेल्या प्रकाशकणांचे इलेक्ट्रॉनांत रूपांतर होते. त्या इलेक्ट्रॉनांच्या मार्गावर क्षणोक्षणी बदलणारे विद्युत्क्षेत्र असते, त्यामुळे आधी आलेले इलेक्ट्रॉन कमी वळतात आणि मागून आलेले अधिक वळतात. अशा रीतीने त्या एका रेघेवर कोणत्या ठिकाणी प्रकाश केव्हा आला, हे वरखाली पसरून उमटते. मग आरसा किंचित फिरवून दुसरी रेघ घ्यावयाची, मग तिसरी. अशा शेकडो रेघा. शिवाय एका स्पंदात हाती येणारा उजेड इतका क्षीण असतो, की प्रत्येक रेघेसाठी तोच प्रयोग पुनःपुन्हा करावा लागतो. लेसर दर सेकंदाला काही कोटी स्पंद सोडतो, कॅमेरा त्यांच्याशी अचूक मेळ राखून उघडत राहतो, आणि तासाभराच्या खटपटीनंतर संगणक त्या सर्व रेघा जोडून एक चलच्चित्र सिद्ध करतो. एका नॅनोसेकंदाची कथा सांगण्यास एक तास! म्हणूनच स्वतः रासकरांनी या यंत्राला जगातील वेगवान कॅमेऱ्यांमध्ये सर्वांत संथ असे विनोदाने म्हटले आहे.

तेव्हा वकीलकाकांचा प्रश्न अगदी मर्मावर बसणारा होता. आपण जो प्रकाशाचा पुंजका बाटलीतून जाताना पाहतो, तो तसा कोणीच, कधीच पाहिलेला नाही. त्याचा तळाजवळचा भाग एका स्पंदाचा, मधला भाग दुसऱ्याचा, टोपणावरची झळाळी आणखी कोणाची. ते एक दर्शन नाही. असंख्य तुकड्यांची जुळणी आहे. मग ते चित्र खरे म्हणावयाचे की खोटे?

आपल्या तत्त्वविचारात एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. गौडपादाचार्यांच्या माण्डूक्यकारिकेतील चौथ्या प्रकरणाचे नावच त्यावरून ‘अलातशान्ति’ असे पडले आहे. अलात म्हणजे कोलीत. अंधारात कोलीत गरगर फिरविले की अग्नीचे एक अखंड चक्र दिसते. प्रत्यक्षात चक्र कोठेच नसते, असते ती एकच ठिणगी, क्षणाक्षणाला निराळ्या ठिकाणी. आचार्यांनी हा दृष्टांत ज्या सिद्धांतासाठी योजिला तो फार गहन आहे व येथे प्रस्तुत नाही. आपल्याला केवळ दृष्टांत हवा आहे. डोळ्याने निरनिराळ्या क्षणांची दर्शने जुळविली आणि जे नव्हते ते दाखविले. कॅमेऱ्यानेही निरनिराळ्या क्षणांची दर्शने जुळविली. मग डोळ्याची जुळणी भ्रम आणि यंत्राची जुळणी ज्ञान, असे का म्हणावे? जुळविणे हाच दोष असेल, तर दोन्ही खोटी आहेत. आणि जुळविणे हा दोष नसेल, तर कोलिताचे चक्रही खरे मानावे लागेल.

मला वाटते, भेद जुळविण्यात नाही. जुळणी कोणत्या अटींवर केली, यात आहे. विचार केल्यावर अशा तीन अटी दिसतात.

पहिली अट अशी की, जे जोडावयाचे ते खरोखरच पुनरावृत्त होणारे असले पाहिजे. लेसरचा एक स्पंद आणि दुसरा स्पंद यांत, प्रयोगाला बाध येईल असा भेद नसतो. बाटली हललेली नसते, द्रव तोच असतो, प्रकाश त्याच वाटेने पुन्हा तसाच जातो. म्हणून पहिल्या स्पंदाचा तळ आणि हजाराव्या स्पंदाचे टोपण एकाच चित्रात बसविले तरी चित्र बिघडत नाही. दुसरी अट अशी की, जोडणाऱ्याने आपण जोडले आहे हे लपविता कामा नये. या संशोधकांनी आपली रीत लिहून प्रसिद्ध केली. एका स्पंदाचे हे छायाचित्र आहे, असा दावा केला नाही. तिसरी अट अशी की, शंका घेणाऱ्याला पुन्हा पाहण्याची वाट मोकळी असली पाहिजे. ज्याला विश्वास नसेल त्याने तशी सामग्री जमवावी आणि प्रयोग करून पाहावा. कोलिताच्या चक्रात डोळा या तिन्ही अटी मोडतो. प्रत्येक क्षणी ठिणगीचे स्थान निराळे असते, आपण जोडतो आहोत हे डोळा आपल्याला सांगत नाही, आणि कोलीत थांबविल्यावाचून फेरतपासणीला तो वावच ठेवीत नाही.

आपले नैयायिक हेच निराळ्या शब्दांत सांगतात. धूर पाहून अग्नीचे अनुमान करता येते, कारण धूर तेथे अग्नी ही व्याप्ती अबाधित आहे. परंतु उलट दिशेने, अग्नी दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही. ओल्या इंधनाचा संयोग असेल तरच धूर निघतो. मध्ये दडून बसलेल्या या अटीला ते उपाधी म्हणतात. माणसाची बहुतेक चुकीची अनुमाने डोळे अधू असल्यामुळे होत नाहीत. उपाधी न शोधल्यामुळे होतात.

या ठिकाणी माझी हकीकत सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका लहानशा संस्थेच्या कार्यकारिणीत होतो. तेथे एक लेखनिक होते. वयाने माझ्याहून थोडे मोठे, बोलण्यात मितभाषी. एके वर्षी हिशेबाच्या वेळी एक पावतीपुस्तक सापडेना, आणि त्यातील अकराशेचाळीस रुपयांचा मेळ लागेना. आम्ही तीन सभासद विचार करावयास बसलो. एकाने सांगितले, मंगळवारी रात्री नऊ वाजता कार्यालयात दिवा जळत होता व लेखनिक आत एकटेच बसले होते. दुसऱ्याने सांगितले, आपण त्यांना सुलतान बाजारातील एका सराफाच्या पायऱ्या उतरताना पाहिले आहे. तिसरा मी. एके दुपारी मी खोलीत शिरताच त्यांनी टेबलाचा खण घाईने लोटला होता, ते मला आठवले. तिघांनी आपापली रेघ टेबलावर ठेवली, आणि तीन रेघांतून एक चित्र उभे राहिले. त्या चित्रातील माणूस चोर होता. आम्ही त्याला चोर म्हटले नाही. आम्ही सभ्य होतो. आम्ही एवढेच म्हटले की, पुढील महिन्यापासून आपली आवश्यकता नाही. त्यांनी कारण विचारले नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आणि ते निघून गेले.

आठ महिन्यांनी ते पावतीपुस्तक एका जुन्या सभासदाच्या ट्रंकेत, वर्गणी गोळा करण्यासाठी नेलेल्या इतर कागदांबरोबर सापडले. आणि त्याच पुस्तकात सर्व रक्कम बँकेत भरल्याची चिठ्ठी घडी घालून ठेवलेली होती. पुढे बाकीचेही उलगडले. रात्री ते बसत असत ते वृद्ध कोषाध्यक्षांच्या सांगण्यावरून. मागील वर्षांचे हिशेब नव्या वहीत उतरवून देण्यासाठी, आणि तेही मोबदल्याशिवाय. सराफाकडे गेले होते ते पत्नीच्या आजारात गहाण पडलेल्या बांगड्या सोडविण्यासाठी. खणात काय होते, ते मला आजही ठाऊक नाही, आणि ते जाणण्याचा मला अधिकारही नव्हता.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमच्यापैकी कोणीही खोटे बोलला नव्हता. दिवा जळत होता, पायऱ्या उतरल्या होत्या, खण लोटला होता. प्रत्येक रेघ सत्य होती. चित्र असत्य होते. बाटलीतून प्रकाश पुन्हा तसाच जातो, म्हणून त्याच्या निरनिराळ्या वेळच्या रेघा जोडता येतात. मंगळवारच्या रात्रीचा माणूस, बाजारातील माणूस आणि दुपारचा माणूस हे मात्र एकाच प्रसंगाचे तीन भाग नव्हते. त्यांना एका चौकटीत बसविले ते आमच्या संशयाने.

याहूनही सूक्ष्म असा एक दोष आमच्या हातून घडला, आणि तोही मला या कॅमेऱ्यानेच दाखविला. घटना जेव्हा घडते ती वेळ कॅमेरा नोंदवीत नाही. तिचा प्रकाश त्याच्यापर्यंत जेव्हा पोचतो ती वेळ नोंदवितो. दूरच्या कोपऱ्यातील गोष्ट आधी घडली तरी तिची वार्ता मागून येते. यामुळे कच्च्या चित्रात कधी कधी लहरी उलट्या दिशेने गेल्यासारख्या दिसतात, परिणाम कारणाच्या आधी आल्याचा भास होतो. संशोधकांना प्रत्येक बिंदूचे अंतर हिशेबात घेऊन काळाचा हा क्रम दुरुस्त करावा लागतो. आम्ही ती दुरुस्ती केली नाही. सराफाच्या दुकानाची वार्ता आमच्या कानी आली पैशाचा मेळ न लागल्यानंतर. म्हणून ती घटनाही नंतरची, असे आम्ही मनात धरून चाललो. वास्तविक ती चार महिने आधीची होती. वार्ता येण्याचा क्रम आणि गोष्ट घडण्याचा क्रम एकच मानणे ही चूक घरोघरी रोज घडते. सून, सासू, भाऊ, शेजारी यांच्याविषयी कानी आलेले सारे आपण ऐकण्याच्या क्रमाने रचतो, आणि कार्याला कारण समजून बसतो.

आपल्या या शहराला प्रकाशाची नोंद ठेवण्याचा निराळा, आणि कौतुकास्पद, अनुभव आहे. १९०१ साली नवाब जफर जंग यांनी येथे वेधशाळा स्थापिली. त्यांच्या पश्चात १९०८ साली ती निजाम सरकारकडे आली, पुढे बेगमपेठेत स्थिर झाली व नंतर उस्मानिया विद्यापीठाच्या अखत्यारीत गेली. १८८७ साली पॅरिस येथे ठरलेल्या, सर्व आकाशाची छायाचित्रसूची करण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यात या निजामिया वेधशाळेने आपल्या वाट्याचे आकाशपट्टे पार पाडले. काचेच्या पट्ट्यांवर ताऱ्यांचे ठिपके घेऊन साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या स्थानांची नोंद येथून झाली. तेथे त्वरा उपयोगाची नव्हती. काच मिनिटामिनिटांनी उजेड पीत राहावयाची आणि दुर्बीण ताऱ्यामागे हळूहळू फिरवीत ठेवावयाची. जो उजेड काचेवर उतरला त्यातला पुष्कळसा शेकडो वर्षांपूर्वी निघालेला होता. म्हणून त्या पट्ट्यांवर आकाश आज असे आहे, असे लिहिलेले नाही. अमुक रात्री या काचेवर एवढा उजेड आला, एवढेच लिहिलेले आहे. प्रत्येक पट्टीला तारीख आहे. रासकरांचा कॅमेरा क्षणाचे तुकडे करतो, निजामियाची काच क्षणांचा संचय करीत होती. पण दोन्ही ठिकाणी दिसलेले आणि जुळविलेले यांची खाती निराळी ठेवली गेली. आमच्या कार्यकारिणीच्या इतिवृत्तात मात्र त्या दिवशी कोणतेच निराळे खाते नव्हते. तेथे एकच ओळ लिहिली गेली, आणि ती माझ्या हस्ताक्षरात आहे.

येथे कोणी सुज्ञ वाचक आक्षेप घेईल. माणूस पुनरावृत्त होत नाही हे खरे. पण मग माणसाविषयी काही ठरवूच नये काय? कोषाध्यक्षाने किल्ल्या कोणाच्या हाती द्याव्या, मुलीचे स्थळ कोठे पाहावे, न्यायाधीशाने निकाल कसा द्यावा? प्रत्येक जण तुकड्यांवरूनच ठरवितो, दुसरा उपाय नाही. शिवाय विज्ञान तेथेच थांबलेले नाही. २०१४ साली सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात लिहाँग वांग यांच्या चमूने सेकंदाला दहा हजार कोटी चित्रांच्या गतीने, एकदाच घडणारी घटना एका झटक्यात टिपण्याची रीत प्रसिद्ध केली. आणि पुढे २०१८ साली अशा एकाच झटक्याच्या चित्रणाची गती सेकंदाला दहा लक्ष कोटींपर्यंत गेली. मग एकदाच घडणारे पाहता येत नाही, असे कसे म्हणता?

आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर त्याच यंत्रात आहे. एका झटक्यात टिपणारा हा कॅमेरा चित्रातील सर्व बिंदूंची सर्व माहिती गोळा करीत नाही. ती करणे शक्यच नसते. तो दृश्यावर एक ठरावीक ठिपकेदार मुद्रा उमटवून ते दाबून घेतो, आणि मग, दृश्य फार गुंतागुंतीचे नाही, या गृहीतावर गणिताने बाकीचे भरून काढतो. गृहीत बरोबर असेल तेथे चित्र बरोबर येते. याचा अर्थ असा की, जेथे पुनरावृत्तीचा आधार नाही तेथे गृहीताचा आधार घ्यावा लागतो. आपणही तोच घेतो. फरक इतकाच की, संशोधक आपले गृहीत पहिल्या पानावर लिहितात. आमचे गृहीत काय होते? लेखनिक हा साधा, एकपदरी माणूस आहे. गरीब माणूस सराफाकडे जातो तो एकाच कारणासाठी. हे वाक्य कोणी त्या दिवशी मोठ्याने उच्चारले असते, तर मला वाटते, आम्हा तिघांनाही त्याची लाज वाटली असती. न उच्चारल्यामुळे ते आमच्यावर राज्य करून गेले.

तेव्हा ठरवू नये, असे माझे म्हणणे नाही. ठरविल्यावाचून संसारही चालत नाही आणि संस्थाही चालत नाही. माझे म्हणणे एवढेच की, ठरविताना पाहिले काय आणि जुळविले काय हे वेगवेगळे सांगावे. आपले गृहीत मोठ्याने उच्चारावे. गोष्टी ऐकल्या कधी आणि घडल्या कधी याची दुरुस्ती करावी. आणि ज्याच्याविषयी चित्र तयार झाले त्यालाच, निर्णयापूर्वी, एकदा विचारावे. ही शेवटची गोष्ट कॅमेऱ्याला कधी करता येणार नाही. प्रकाशाला विचारता येत नाही. माणसाला विचारता येते, आणि आपण नेमके तेच टाळतो. कारण त्याच्या उत्तराने आपले सुबक चित्र बिघडण्याचे भय असते.

याच संशोधकांनी २०१२ साली आणखी एक चमत्कार प्रसिद्ध केला. भिंतीवर लेसरचा स्पंद मारावा. तेथून विखुरलेला प्रकाश कोपऱ्याआडच्या वस्तूवर जातो, परतून पुन्हा भिंतीवर येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून दृष्टीआडच्या वस्तूचा आकार काढता येतो. आगीत अडकलेल्यांचा शोध घेण्यास, वळणावरचे संकट वाहनाला आधी कळविण्यास अशा विद्येचा उपयोग व्हावा, ही त्यामागील आशा आहे, आणि ती स्तुत्य आहे. पण दाराआड पाहण्याची शक्ती आली, की दाराआड पाहण्याचा मोहही येणार. त्या वेळी एवढे स्मरणात असावे की, भिंतीवरून परतलेल्या प्रकाशातून माणसाची आकृती मिळते. तो तेथे का उभा आहे हे मिळत नाही. आकृतीच्या ज्ञानावर हेतूचा निवाडा करणे ही जुनी चूक. नव्या यंत्राने ती केवळ अधिक जलद करता येईल.

पावतीपुस्तक सापडल्यावर मी त्या लेखनिकांचा पत्ता काढला. ते आपल्या गावी, नांदेडकडे, परत गेले होते. मी स्वतः जाऊन त्यांची क्षमा मागितली. त्यांनी मला बसावयास घोंगडी घातली, चहा केला, मुलांची चौकशी केली. रागाचा एक शब्द नव्हता. मी उठताना मात्र ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, “साहेब, त्या दिवशी मला एकदा विचारले असते, तर मी सांगितले असते.”

मी काय उत्तर देणार? आमच्याजवळ दिवा होता, पायऱ्या होत्या, खण होता. आम्हाला सर्व काही दिसले होते. कोजागिरीच्या रात्री त्या मुलाने वकीलकाकांना दिलेले उत्तर ऐकताना मला तेच दार आठवले. आपल्या सुंदर चित्राविषयी, “नाही काका, तो एक नव्हता,” असे तो सहज बोलून गेला, आणि चित्राची शोभा तिळमात्रही कमी झाली नाही. तेवढे वाक्य उच्चारण्याचे धैर्य आम्हा तिघांत एकाला जरी असते, तर एका प्रामाणिक गृहस्थाची भाकरी तुटली नसती. वाचकांपैकी जे कोणी एखाद्या संस्थेच्या, कुटुंबाच्या वा कार्यालयाच्या निर्णयाला बसत असतील, त्यांनी पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी आपल्या समोरच्या चित्रातील रेघा एकदा मोजाव्या, आणि त्या किती दिवसांच्या आहेत ते विचारावे, एवढीच विनंती.